नंदूच्या पानातली जिलबी

माझ्या नवऱ्याला नंदकुमार म्हणून कुणी हाक मारत नाही. तो नंदू आहे, आणि आमच्या नातेवाइकांत नंदू हा शब्द माणसाचं नाव म्हणून कमी आणि जेवणाचं माप म्हणून जास्त वापरतात. कार्य ठरलं की केटररला सांगायचं, "दोनशे पानं आणि एक नंदू." केटररला वाटतं, हा विनोद आहे. मग नंदू जेवायला बसतो आणि केटरर आत जाऊन आचाऱ्याला पुन्हा कढई चढवायला सांगतो.

मी त्याला पहिल्यांदा बघितलं तेही खाताना. आई आणि विद्याधरमामांबरोबर तो आमच्याकडे दहिसरला मला बघायला आला होता. पोह्यांच्या बशा आल्या. बाकीच्यांनी दोन-दोन चमचे खाऊन शिष्टाचार पाळला. यानं स्वतःची बशी संपवली, आईची संपवली आणि मग माझ्या वडिलांच्या बशीकडे इतक्या मायेनं बघितलं की बाबांनी ती मुकाट्यानं पुढे सरकवली. मी दारातून बघत होते. मनात म्हटलं, मानसी, हा माणूस निदान काही लपवून ठेवणारा दिसत नाही. माझा हा अंदाज किती चुकला ते पुढे येईलच.

आमच्या दहिसरच्या घरी वाढण्याची पद्धत सरळ होती. एकदा विचारायचं, फार तर दोनदा, आणि नको म्हटलं की पातेल्यावर झाकण ठेवायचं. मुलुंडला सून म्हणून आले तेव्हा पहिल्याच सणाला मी नको म्हणाले आणि माझ्या पानात आणखी दोन पुरणपोळ्या पडल्या. मला वाटलं, सासूबाईंना ऐकू कमी येत असावं. हळूहळू कळलं की ऐकू उत्तम येतं, पण या घराण्यात नको हे उत्तर धरतच नाहीत. पाहुण्यानं नको म्हणायचं, यजमानानं वाढायचं. पाहुण्यानं पानावर हात आडवा धरला तर त्या हातावर वाढायचं. तरी ऐकलं नाही तर शपथ घालायची, आणि शपथेलाही भीक घातली नाही तर रुसायचं. याला आग्रह म्हणतात आणि त्याचा सगळ्यांना फार अभिमान आहे. माझं डोकं या आग्रहापायी पहिल्या वर्षापासून फिरलेलं आहे. जेवायला बोलावलंय की जिंकायला, असं मी एकदा विचारलं होतं. त्यावर सगळे हसले आणि कुणीतरी मला श्रीखंड वाढलं.

या आग्रहातले बादशहा म्हणजे विद्याधरमामा, सासूबाईंचे थोरले भाऊ. चेंबूरला राहतात, उंच, गोरे, आवाज खणखणीत. कुणाच्याही कार्यात ते स्वतः जिलबीचं ताट घेऊन पंगतीतून फिरणार आणि नंदूसमोर थांबणार, हे ठरलेलं. मग पैज. मामा स्वतःच्या हातानं नंदूच्या तोंडात जिलबी घालणार, पोरंटोरं मोजणार, बायका पदर तोंडाला लावून हसणार, व्हिडिओवाला नवरा-नवरीला सोडून इकडे धावणार. नंदू खायचा. हसत हसत खायचा. शेवटी मामा त्याच्या गालावर थोपटून म्हणायचे, "माझा पठ्ठ्या." घरी आल्यावर नंदू बाथरूममध्ये बराच वेळ नळ सोडून बसायचा. मी म्हणायचे, पोट बिघडलं असेल. इतकी जिलबी खाल्ल्यावर आणखी काय होणार?

दोन वर्षांपूर्वी नंदू ऑफिसातून उशिरा यायला लागला. त्याचं ऑफिस अंधेरीला. तिथून मेट्रोनं घाटकोपर, मग मुलुंड. वेळेत येणारा माणूस एकाएकी तास-तास उशिरा येऊ लागला आणि विचारलं की मीटिंग होती म्हणायचा. आता, तो काम करतो त्या खात्यात तो आणि एक कपाट एवढेच आहेत. मीटिंग कुणाशी, कपाटाशी? शिवाय आल्यावर जेवायचा कमी आणि नजर चुकवायचा. या वयात, या देहयष्टीत, कुठल्या बाईला हा सुचला असेल, या विचारानं मला आधी हसू आलं आणि मग झोप लागेना.

शेवटी मी ठरवलं, छडा लावायचा. आमच्या मुलीचा, ऋताचा, काळा गॉगल घेतला, स्कूटरवरच्या मुली बांधतात तसा तोंडाला स्कार्फ बांधला आणि घाटकोपरच्या मेट्रोच्या जिन्याखाली उभी राहिले. गॉगलमुळे मला नीट दिसेना. शेजारच्या फुलवालीनं विचारलं, "काय ताई, डोळे आलेत का?" तेवढ्यात नंदू उतरला. नंदू गर्दीत हरवत नाही, ही एक सोय आहे. तो चालला खाऊगल्लीकडे, मी मागे.

आधी डोसा, मग पावभाजी, मग चीज सँडविच. बाई कुठेच नाही. मी एका ज्यूसवाल्याच्या आडोशाला उभी राहून बघत होते, आणि बघता बघता माझं हसू गेलं. मी या माणसाला हजारदा जेवताना बघितलंय. तो बोलत, नावं ठेवत, वाटी चाटत जेवतो. इथे तो भिंतीकडे तोंड करून खात होता. चव घेत नव्हता, नीट चावतही नव्हता. एक संपलं की पुढचं, जणू कुणीतरी मागे उभं राहून त्याच्याकडून ते काम करून घेतंय. मला संताप यायला हवा होता. मला भीती वाटली.

मी जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो दचकला. तोंडात सँडविच.

"तू इथे काय करतेस?"

"तुझी बाई शोधायला आले होते."

"मग?"

"मग काय, सँडविच सापडलं."

तो हसायला गेला आणि रडायला लागला. भर खाऊगल्लीत, हातात चटणीचा कागद धरून. सँडविचवाल्याला वाटलं मिरची लागली. त्यानं पाणी दिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला चटणी कमी लावली.

डॉक्टरांकडे जाऊन झालं. साखर वाढलेली निघाली, त्यात नवल नव्हतं. आहारतज्ज्ञ बाईंनी तक्ता दिला, त्यात लिहिलं होतं भात मूठभर. नंदूनं विचारलं, कुणाची मूठ? स्वतःची, असं त्यांनी सांगितलं, कारण त्यांनी नंदूची मूठ बघितली नव्हती. आठवडाभर तक्ता पाळायचा, आठव्या दिवशी घाटकोपरच्या खाऊगल्लीत शिरायचं, असं चाललं. शेवटी त्या बाईच म्हणाल्या, हे काम माझं नाही, आणि त्यांनी पूर्वी नावाच्या एका मॅडमचा पत्ता दिला. पूर्वी मॅडम समुपदेशक. मुलुंडमध्येच वाढलेली गुजराती मुलगी, मराठी आमच्याहून स्वच्छ बोलते. पहिल्या दिवशी नंदू तिच्याशी तासभर मिसळीवर बोलला. दुसऱ्या दिवशी थालीपीठ. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की इतकं खायला कधीपासून लागलात. त्यावर नंदू उठून घरी आला.

रविवारी सकाळी मी कोथिंबीर निवडत बसले होते. सासूबाई देवळात गेल्या होत्या, ऋता क्लासला. नंदू समोर येऊन बसला, एक जुडी ओढून घेतली आणि सगळी चांगली पानं कचऱ्यात टाकत बोलायला लागला. मी त्याला थांबवलं नाही.

सातवीच्या स्कॉलरशिपच्या अभ्यासासाठी त्याला सुट्टीत चेंबूरला मामांकडे ठेवत. मामांचं गणित चांगलं. मामी नोकरीला जात. दुपारी घरात दोघंच. मामांनी त्याच्या अंगाशी काय केलं ते मी इथे लिहिणार नाही. त्यानं ते मला सांगितलं, तेवढं पुरे आहे. तो नको म्हणायचा. मामा म्हणायचे, नको काय, तू जेवायला बसल्यावरसुद्धा आधी नकोच म्हणतोस. आणि नंतर कोपऱ्यावरून गरम जिलबी आणून त्याला स्वतःच्या हातानं भरवायचे.

"मग मी खायला लागलो," नंदू म्हणाला. "मिळेल ते. मला वाटलं, खूप जाड झालो तर त्याला मला मांडीवर ओढता येणार नाही."

"मग?"

"दिवाळीपर्यंत झालो की. त्यानं बोलवायचं बंद केलं. उपाय लागू पडला होता, मानसी. मग सोडायचा कशाला?"

हे त्यानं अगदी साधेपणानं सांगितलं. मी विळी बाजूला ठेवली, चप्पल घातली आणि चेंबूरला निघाले. जाऊन काय करणार होते देव जाणे, पण हातात विळी नव्हती हे बरंच झालं. नंदू दारात आडवा उभा राहिला. आमच्या दारात नंदू उभा राहिला की वारासुद्धा बाहेर जात नाही. तो म्हणाला, हे माझं आहे, माझं मला बघू दे. म्हणून मी थांबले. नंतर कचऱ्यातली कोथिंबीर वेचून धुतली, कारण ती महाग होती आणि मला काहीतरी करायला हवं होतं.

पूर्वी मॅडमनी पुढे आम्हा दोघांना बसवून समजावलं. म्हणाल्या, लहानपणी ज्यांच्या शरीरावर दुसऱ्यानं हक्क सांगितला, त्यातले बरेचजण पुढे खाण्याशी भांडत बसतात. कुणी खाणंच सोडून शरीर नाहीसं करू बघतं, कुणी खाऊन खाऊन भिंत बांधतं, कुणी आतलं काही ऐकू येऊ नये म्हणून तोंड चालू ठेवतं. सगळ्यांचं असं होतं असं नाही, आणि खूप खाणाऱ्या प्रत्येकामागे असलं काही असतं असंही नाही. पण नंदूचा हा हावरटपणा नाही, लहान मुलानं स्वतःला वाचवायला काढलेली युक्ती आहे, आणि आता ती युक्तीच त्याला मारायला उठलीय. नंदूनं विचारलं, मग मी हावरट नाहीच का? त्याला जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं. पूर्वी मॅडम म्हणाल्या, थोडे असाल. मला ती बाई तिथेच आवडली.

महिने गेले. नंदूचं खाऊगल्लीत जाणं कमी झालं. बंद झालं असं म्हणणार नाही. गेला की घरी येऊन सांगायचा, एवढा फरक. आणि मग मागच्या डिसेंबरात मामांचं सहस्रचंद्रदर्शन निघालं.

ऐंशी ओलांडलेल्या माणसानं हजार पौर्णिमा बघितल्या म्हणून हा सोहळा करतात. मामांनी फर्मान काढलं, बुफे नाही, पंगत हवी. आणि तराजूत मामांची तुला, साखरेची. कौटुंबिक ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की दुसऱ्या पारड्यात नंदूला बसवा, साखर वाचेल. त्यावर हसण्याची इतकी चित्रं आली की माझा फोन तापला. आणि खाली मामांचा स्वतःचा निरोप: पहिल्या पंगतीत माझा पठ्ठ्या, जिलबी माझ्या हातानं.

मी म्हटलं, जायचं नाही. सासूबाई बिचाऱ्या भावासाठी एक्क्याऐंशी दिव्यांच्या वाती वळत बसल्या होत्या. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. नंदूनं बराच विचार केला आणि म्हणाला, "जातो. पण ती जिलबी मी खाणार नाही. एवढंच करायचंय मला. त्याच्या हातची जिलबी नको म्हणायचं आणि ती खायची नाही."

हे ऐकायला सोपं वाटतं. ज्याला तसं वाटतं त्यानं आमच्या पंगतीत बसून बघावं.

म्हणून घरी सराव सुरू झाला. ऋताला एवढंच सांगितलं होतं की बाबांना नको म्हणायला शिकायचंय. नंदू टेबलाशी बसायचा, मी आणि ऋता आग्रह करायचो. ऋता त्यात भयंकर पटाईत निघाली, शेवटी रक्त तिकडचंच. "बाबा, माझी शपथ आहे. बाबा, अर्धी तरी. बाबा, मी स्वतः लाटली." नंदू पोळीला नको म्हणायला लवकर शिकला. भाताला शिकला. कांदाभजीला मात्र त्याचं तोंड नको म्हणायचं आणि हात पुढे यायचा. सासूबाई हे सगळं बघून हैराण. माझ्या लेकाला उपाशी मारायला दोघी टपल्यात, असं त्यांनी देवळातल्या मैत्रिणींना सांगितलं आणि नंदूच्या उशाखाली गुपचूप बेसनाचा लाडू ठेवला. नंदूनं तो सकाळी मला आणून दिला. त्या लाडवाला मुंग्या लागल्या होत्या, पण तो अख्खा होता. मला इतका आनंद झाला की मी तो गॅलरीत कावळ्याला घातला.

मुलुंडच्याच एका हॉलमध्ये कार्य होतं. ऋताचा क्लास असल्यानं आम्ही तिघंच गेलो. मामा नव्या धोतरात, एका हातात काठी. सगळे रांगेनं पाया पडत होते. नंदूला वाकता येत नाही म्हणून त्याला सगळ्यांनी हसून सोडून दिलं. पोटाचा एवढा एक उपयोग झाला. नंदू पहिल्या पंगतीत बसला, मी त्याच्या शेजारी. सासूबाई समोरच्या रांगेत, मामीशेजारी. वरणभात झाला. मसालेभात आला. आणि मग मागे दुसऱ्या एका भाच्याच्या हातात ताट देऊन मामा आले.

हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या. मामांनी एक जिलबी उचलली. पाक ठिबकत होता.

"नको," नंदू म्हणाला.

हशा. "नको म्हणतोय रे," कुणीतरी मागून ओरडलं, "म्हणजे दोन वाढा." नंदूनं सरावाप्रमाणे पानावर हात आडवा ठेवला. मामांनी पद्धतीप्रमाणे जिलबी त्या हातावर ठेवली. पाक मनगटावरून शर्टाच्या बाहीत गेला. नंदू त्या जिलबीकडे बघत होता. मला वाटलं, गेलं, आता हा खाणार. मामांनी दुसरी जिलबी त्याच्या तोंडाजवळ नेली आणि डाव्या हातानं, काठी त्या भाच्याकडे देऊन, नंदूची हनुवटी धरली.

नंदू उठला. नंदू उठतो तेव्हा टेबलही थोडं उठतं. ताकाची वाटी माझ्या मांडीवर आली. त्याच्या हाताच्या पाठीवर जिलबी तशीच होती.

"मामा, नको म्हटलं मी. चेंबूरला तुमच्या घरी अकरा वर्षांचा असताना रोज दुपारी नको म्हणत होतो, तेव्हाही तुम्ही ऐकलं नाहीत."

अर्ध्या हॉलला कळलं नाही. उरलेल्या अर्ध्यानं कळलं नाही असं दाखवलं. मामा हसायला लागले, पण तोंड नीट वळेना. कुणीतरी म्हणालं की नंदूची साखर उतरलेली दिसतेय, जिलबी द्या त्याला. वाढप्यानं याच वेळी येऊन विचारलं, "साहेब, मठ्ठा?"

तेवढ्यात समोरच्या रांगेतून सासूबाई उठल्या. त्यांच्या गुडघ्यांना उठायला वेळ लागतो, त्यामुळे सगळ्यांना वाट बघावी लागली. त्या आल्या. आधी नंदूच्या तोंडाकडे बघितलं, मग भावाच्या. आणि नंदूच्या हातावरची ती जिलबी उचलून त्यांनी भाच्याच्या हातातल्या ताटात परत टाकली. जेवणाऱ्याच्या पानातलं उष्टं वाढायच्या ताटात. सगळं ताट खरकटं झालं. आमच्या घराण्यात असं आजवर कुणी केलेलं नाही. नंदूच्या वाक्याला जे गप्प बसले होते, ते आता हाय हाय करायला लागले.

"दादा," सासूबाई म्हणाल्या, "तो नको म्हणतोय."

आणि आम्हाला म्हणाल्या, चला.

रिक्षात नंदू एकटाच मावतो, पण तिघं बसलो. सासूबाई मधे, दोन्हीकडून दाबलेल्या. माझ्या साडीला ताकाचा वास, नंदूच्या बाहीला पाकाचा. रिक्षावाला आरशातून बघत होता. सासूबाई पुढे बघतच म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंस रे तेव्हा?"

"सांगितलं होतं आई. मामाकडे जायचं नाही म्हणून रडलो होतो. तू म्हणालीस, वेडा का काय, तिकडे रोज जिलबी मिळते."

सासूबाईंनी डोळे मिटले. पुढे घरापर्यंत त्यांनी नंदूचा चिकट हात धरून ठेवला. मी बाहेर बघत रडले, कारण आत बघायला जागाच नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी साडीही बदलली नाही. कुकर लावला. मऊ भात केला, वर तूप, मेतकूट, बाजूला लिंबाचं लोणचं. नंदूला पाटावर नाही, टेबलाशीच बसवलं आणि स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. नंदू जेवला. सावकाश, चव घेत, लोणच्याला मीठ कमी पडलंय म्हणून नाव ठेवत. भात संपला.

"वाढू आणखी?" त्यांनी विचारलं. सवयीनं पळी भरून हात पानाकडे निघालाही होता.

"नको," नंदू म्हणाला.

तो हात तिथेच थांबला. मी बघितलं, नंदूही बघत होता. मग सासूबाईंनी पळीतला भात परत पातेल्यात घातला आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.